दादाच्या शेडमध्ये गिअरबॉक्स

गाडीनं पहिल्यांदा दगा दिला तो कोऱ्हाळे बुद्रुकच्या अलीकडे, ओढ्यावरच्या पुलाचा चढ चढताना. कारखाने सुरू होते. माझ्या मागे उसानं भरलेल्या जोड ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता, त्याच्यामागे तसाच आणखी एक, आणि समोरून रिकाम्या ट्रॉल्या खडखडत येत होत्या. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन मोठ्यानं ओरडलं, पण गाडी जागची हलेना. आणखी दाबला, इंजिन आणखी ओरडलं. मग गाडी हळूच मागे सरकायला लागली. मी सगळा भार ब्रेकवर टाकला.

मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं मोठ्यानं गाणी लावली होती. ती बंद करून तो ओरडला, "ओ मॅडम, गिअर टाका की!"

भर चढावर त्याला काय सांगणार, की या गाडीत गिअर आपण टाकायचा नसतो, ती स्वतःच टाकते, आणि आज तिनंच टाकायचं नाकारलंय! तो खाली उतरला, रस्त्याकडेचा एक दगड उचलून माझ्या मागच्या चाकाखाली सरकवला आणि पुन्हा वर जाऊन बसला. थोडा वेळ गेला. मी हलकेच पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आतून कुणीतरी लाथ मारावी तसा गाडीनं हिसका दिला आणि ती चढ चढली. वर आल्यावर मी तिला बाभळीखाली लावलं. ट्रॉल्या एकामागून एक शेजारून गेल्या. मग मी दादाला फोन केला.

मी दातांची डॉक्टर. बारामतीत माझा दवाखाना आहे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय कामाचा राहिला नाही. काठी घेऊन चालते, पण त्या पायानं क्लच दाबणं कधीच जमणार नव्हतं. दादा माझा मोठा भाऊ. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यावर भिजणारं. तिथं तो टोमॅटो, कारली, ढोबळी मिरची करतो. शाळेत असताना तो मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा. कॉलेजच्या होस्टेलवर सोडायला आणि आणायला तोच. लग्नानंतरही कुठं लांब जायचं म्हटलं की त्याचा पिकअप दारात. माझे यजमान कॉलेजात शिकवतात. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. चाळिशी उलटल्यावर मी ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि एकट्या उजव्या पायानं ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर सांभाळायला शिकले, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला, दादा सोडून. तो वाईट काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "लई लांब जाऊ नगंस हिला घिऊन."

मी मात्र जायला लागले. हंगामात आठवड्यातून एक दिवस सोमेश्वरनगरला ऊसतोड कामगारांच्या तळावर, अधूनमधून वडगाव निंबाळकरला. तळावरच्या माणसांचे दात दुखायला लागले की दुखतच राहतात. दवाखान्यात यायचं म्हणजे दिवसाची तोड बुडते. मी डिकीत सामान भरून नेते, पाचटानं शाकारलेल्या कोपीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर पेशंटला बसवते, काढायचा तो दात काढते. तिथं एसटीनं, काठी आणि सामान सांभाळत जाता आलं नसतं.

त्या दिवशी दादा इंदापूरहून पिकअप घेऊन आला तोवर गाडी गार झाली होती. चावी फिरवली, पुढं जायच्या डी मध्ये टाकली, तर शहाण्यासारखी चालायला लागली. मी पुढं आणि तो मागं, असे आम्ही सावकाश बारामतीला आलो.

गॅरेजवाल्यानं कॉम्प्युटर जोडून पाहिलं, तेलाचा वास घेऊन पाहिला, पुण्याच्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं, "मॅडम, गिअरबॉक्स बदलावा लागेल. या मॉडेलचा नवा मिळत नाही. जुना शोधता येईल, पण तो कसा निघेल याची खात्री मी देणार नाही." खरं बोलणारा माणूस होता. उगाच उघडून ठेवायलाही तो तयार नव्हता.

पुढचे काही दिवस मी पेशंट नसले की मोबाईलवर गिअरबॉक्सचे व्हिडिओ बघत बसायचे. गाडी तापल्यावरच अडते आणि गार झाली की चालते, हे मला खटकत होतं. मोडलेली वस्तू अशी वेळ बघून मोडत नाही. शोधता शोधता मला व्हॉल्व्ह बॉडी सापडली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलण्याचं काम तेलाच्या दाबानं होतं, आणि हा दाब केव्हा कुठल्या वाटेनं पाठवायचा ते ठरवणारा अ‍ॅल्युमिनियमचा एक चपटा ठोकळा असतो. त्यात बारीक बोळ कोरलेले असतात आणि बोटाएवढ्या भोकांतून छोटे दांडे मागंपुढं सरकत या वाटा उघडतात, बंद करतात. दांडा कठीण, अ‍ॅल्युमिनियम मऊ. वर्षानुवर्षं घासून भोक झिजतं आणि तेल फटीतून निसटायला लागतं. तेल गार आणि दाट असताना निभावून जातं. तापून पातळ झालं की दाब पुरत नाही. म्हणजे कदाचित अख्खा गिअरबॉक्स गेलेला नव्हता, एक-दोन भोकं झिजली होती. आमच्या धंद्यात एवढ्यासाठी कुणी सगळी बत्तीशी काढत नाही.

अशी झिजलेली भोकं किंचित मोठी करून त्यात किंचित जाड दांडा बसवण्याचं सामान मिळतं. मी ते मागवलं. पार्सल आलं त्याच दिवशी दादा माल देऊन परतताना आमच्याकडे थांबला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते उघडून दाखवलं. त्यानं रीमर, म्हणजे भोक मोठं करायची धारेची सळई, हातात घेतला, खाली-वर करून पाहिला आणि परत ठेवला.

"ह्यो उद्योग कशाला करतीस?" तो म्हणाला. "विकून टाक गाडी. भंगारात गेली तर जाऊ दे. तुला कुठं जायचं आसंल तवा मला फोन कर. मी हाय की."

"तू आहेस रे. पण तुझी तोडणी आसती, बाजार आसतो."

"त्ये मी बगतो. आजपातूर कवा न्हाय म्हणलो का?"

नव्हताच म्हणाला. माझं उत्तर तिथंच अडकायचं, इतकी वर्षं. माहेरच्या माणसांशी बोलताना माझी भाषाही घसरून गावाकडं जाते, आणि तिच्याबरोबर माझं वयही. पण त्या दिवशी मी बोलले.

"दादा, मला कुणाला फोन न करता जायचंय. एवढंच हाय."

त्यानं टेबलावरचा रीमर खोक्यात सरकवला. मग "बरं" म्हणाला आणि उठला. यजमानांनी चहा ठेवला होता. "उशीर झालाय," म्हणून तो न घेताच गेला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, जन्मभर ज्यानं उचलून नेलं त्यालाच आपण नको म्हटलं. तसं म्हणायचं नव्हतं. पण दुसऱ्या शब्दांत ते सांगताही आलं नसतं.

तीन-चार दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला. नेहमीची चौकशी नाही, काही नाही. "ट्रॅक्टरचा खड्डा झाडून घेतलाय," तो म्हणाला. "कवा आणतीस गाडी?"

दादाच्या शेतात माल भरायची पत्र्याची मोठी शेड आहे. तिच्या एका टोकाला त्यानं ट्रॅक्टरच्या खालच्या बाजूचं काम करायला माणूसभर खोल खड्डा बांधून घेतलाय. गाडी गार असतानाच मी पहाटे निघाले, वाटेत दोनदा थांबून तिला गार होऊ दिलं, आणि ऊन तापायच्या आत पोचले. दवाखान्यातून दोन वस्तू बरोबर घेतल्या होत्या, एक छोटा कॉम्प्रेसर आणि तोंडातली लाळ ओढायचं जुनं सक्शन मशीन. ते बघून वहिनी म्हणाली, "गाडीचं दात काढणार का काय?"

व्हॉल्व्ह बॉडीला सगळ्यात मोठी भीती धुळीची. केसाएवढा कचरा अडकला तरी दांडा अडतो. उसाच्या दिवसांत पाचट जाळल्याची काजळी हवेत सारखी उडत असते. वहिनीनं सकाळीच शेडमध्ये पाणी मारलं होतं, पत्र्याच्या उघड्या बाजूला ओल्या साड्या बांधल्या होत्या आणि टेबलावर धुतलेली चादर अंथरली होती. मला खड्ड्यात उतरता येणं शक्य नव्हतं. त्यामुळे वाटणी आपोआप झाली. गाडीखालचं काम दादाचं, टेबलावरचं माझं.

दादानं खालून तेल सोडलं, ते घमेल्यात धरलं आणि घमेलं वर टेबलापाशी ठेवलं. मग तळाचा तेल साठायचा डबा, चेंबर, काढला. मी वरून वाकून टॉर्च धरला होता आणि कुठला बोल्ट आधी ते सांगत होते. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि ज्याचा त्यालाच लागतो, म्हणून एका पुठ्ठ्यावर मी ठोकळ्याचं चित्र काढून ठेवलं होतं. दादा बोल्ट वर द्यायचा, मी तो चित्रातल्या त्याच्या जागी खोचायची. शेवटचा बोल्ट सुटला तसं आत साठलेलं तेल भसकन त्याच्या डोक्यावर आलं.

"आगं आगं आगं!" खालून आवाज आला. मग वहिनीचं हसू.

तो ठोकळा घेऊन वर आला तेव्हा त्याच्या मिशीतून लाल तेल गळत होतं. चेहरा पुसायचं सोडून तो ठोकळ्याकडेच बघत होता. एका बाजूनं नुसत्या नागमोडी वाटा, बोळात बोळ, कुठं उघडं, कुठं बंद. "ह्ये कुणाच्या डोक्यातनं निघालं आसंल?" तो म्हणाला. ड्रिपच्या पाइपांचं जाळं त्यानं स्वतः आखलेलं आहे, कुठल्या व्हॉल्व्हनं कुठल्या वाफ्याला पाणी जातं ते अंधारातही सांगेल. त्याला त्या वाटा कळत होत्या, असं मला वाटलं.

ठोकळ्याचे दोन भाग असतात आणि मध्ये भोकं पाडलेला पत्रा. आत ठरावीक जागी पोलादाचे बारीक गोळे असतात, मोहरीहून मोठे, ज्वारीएवढे. तेल एका बाजूनं आलं तर गोळा वाट देतो, उलट आलं तर बंद करतो. व्हिडिओत सांगतात की ठोकळा कसा धरायचा ते आधी नीट बघा, नाहीतर गोळे सांडतात. आम्ही नीट बघून धरला आणि तरी ते सांडले. पत्रा चिकटून बसला होता, दादानं जरा जोर केला आणि तो एकदम सुटला. टक टक टक करत गोळे टेबलावरून खाली गेले.

कुणीच हललं नाही. मग वहिनी म्हणाली, "पाय उचलू नगा कुणी." तिनं जमीन ओल्या फडक्यानं पुसत आणली, जमलेली माती सुपात घेतली आणि पाखडायला बसली. धान्यातले खडे निघावेत तसे गोळे सुपाच्या कडेला येऊन थांबले. चित्राशी ताडून पाहिले. एक कमी होता. वहिनीनं पुन्हा पाखडलं, दादानं टॉर्च घेऊन खड्डा धुंडाळला, टोमॅटोची क्रेट हलवली. नाहीच.

"सापडंल," दादा म्हणाला. "तू तुझं चालू दे."

मी दांडे काढायला घेतले. प्रत्येक दांडा, त्याची स्प्रिंग, त्याचं बूच, जसं निघेल तसं चादरीवर ओळीनं. वरवर सगळं चकचकीत दिसत होतं. मग सक्शनची नळी एकेका भोकाला लावून आतली हवा ओढायची आणि मशीनवरचा दाबाचा काटा बघायचा, अशी परीक्षा घेतली. भोक घट्ट असेल तर काटा वर जाऊन थांबतो. बहुतेक ठिकाणी थांबला. तेलाचा मुख्य दाब ठरवणाऱ्या दांड्याच्या भोकाला नळी लावली, तर काटा उठायलाच तयार नाही. भोकाच्या कडेवरून दात तपासायची सुई फिरवली. दांडा जिथं सारखा मागंपुढं होतो तिथं सुई किंचित खाली उतरत होती. डोळ्यांना न दिसणारा खळगा होता तो.

"सापडलं दुखणं," मी म्हणाले. दादानंही सुई हातात घेऊन फिरवून पाहिली. "व्हय गं," तो म्हणाला. "हितं पाय घसरतुया."

रीमर चालवायचं काम मी केलं. मला वाटलं होतं, दाताच्या मुळांत रोज सुया फिरवते, तर हे सोपं जाईल. पण माझ्या हाताची सवय उलटी निघाली. दातात आम्ही थोडं पुढं, थोडं मागं असं फिरवतो. रीमर उलटा फिरवला की धार जाते आणि भोकाला ओरखडा पडतो. एकाच दिशेनं, सारख्या दाबानं, थांबून थांबून तेल सोडत पुढं जायचं आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेला फिरवायचं. हात सारखा मागं वळायला बघायचा. मी दादाला समोर बसवलं आणि सांगितलं, "हात उलटा जाताना दिसला की ओरड." तो खरंच ओरडायचा. रीमरच्या खोबणीतून बारीक, चंदेरी भुसा निघत होता. शेवटी रीमरला जोर लागेनासा झाला. कॉम्प्रेसरनं सगळे बोळ फुंकून काढले, धुतले, पुन्हा फुंकले. नवा दांडा तेलात बुडवून भोकाच्या तोंडाशी धरला आणि सोडला. तो स्वतःच्या वजनानं, अडखळल्याशिवाय, सावकाश आत गेला. सक्शन लावलं तर काटा वर जाऊन तिथंच थांबला.

वहिनी म्हणाली, "झालं का?"

झालं नव्हतं. गोळा एक कमी होता. आता जोडायची वेळ आली आणि त्याच्या रिकाम्या जागेकडे बघून माझा धीर सुटला. तेवढा एक गोळा कुठून मागवणार? तो येईपर्यंत सगळं असं उघडं किती दिवस ठेवणार? हंगाम संपत आला होता, तळावर एका बाईच्या दाढेला मी औषध घालून ठेवलं होतं आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणून सांगितलं होतं. तो आठवडा कधीच उलटून गेला होता. मला एकदम रडू आलं. थकलेही होते. वहिनी मला घरात घेऊन गेली, भाकरी आणि कारल्याची भाजी वाढली. मी जेवत असतानाच दारात दादा आला.

"घावला," तो म्हणाला. "क्रेटखाली हुता."

त्याच्या तळहातावर गोळा होता. मी तसाच घेतला, पुसला आणि व्हॅसलिन लावून त्याच्या जागी बसवला. व्हॅसलिननं गोळे चिकटून राहतात, सांडत नाहीत. पत्रा, दुसरा भाग, बोल्ट पुठ्ठ्यावरून काढून ज्याचे त्याच्या जागी. दादा खड्ड्यातून आवळत होता, मी किती आवळायचं ते सांगत होते. नवं तेल भरलं. दिवस मावळायला आला होता.

गाडी सुरू केली, डी मध्ये टाकली. हळुवार पुढं सरकली. शेडमधून बाहेर, बांधापर्यंत गेले. दुसरा गिअर, तिसरा, कळलंसुद्धा नाही कधी पडले. मग मागं घ्यायला म्हणून आर मध्ये टाकली. काहीच नाही. वाट पाहिली, आणि धाडकन गाडी मागं उसळली. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आधी आर मध्ये कधी त्रास नव्हता. मी खिडकीतून दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"उद्या बगू," तो म्हणाला आणि गोठ्याकडे गेला.

मी तिथंच मुक्काम केला. सकाळी ओट्यावर चहा घेत होते. दादा पहाटेच कारल्याच्या मांडवाचे बांबू रंगवायला गेला होता. वाळवी लागू नये म्हणून तो जुनं तेल बांबूंना फासतो, या वेळी माझ्याच गाडीचं काढलेलं तेल घेऊन गेला होता. परत आला तो घमेलं हातात धरून. माझ्यापुढे बसला आणि मूठ उघडली. तळहातावर तेलानं माखलेला बारीक गोळा होता.

"ह्यो काय?" मी विचारलं.

"ह्योच त्यो. घमेल्यात पडला हुता. तेलाच्या बुडाशी."

मला उमगायला थोडा वेळ लागला. "मग काल आत घातला तो?"

"सायकलचा छर्रा," तो म्हणाला. "जुन्या सायकलीच्या चाकातला. दिसायला त्येवढाच हुता."

मी कप खाली ठेवला. रागच आला मला. सगळ्या दिवसाची मेहनत, आणि आत एक खोटा गोळा! गिअरबॉक्समध्ये काय झालं असतं याची याला कल्पना आहे का? मी हे सगळं बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता.

"तू रडाय लागलीस," तो शेवटी म्हणाला. "त्ये मला बगवत न्हाय. म्हणलं, गोळाच हाय, गोळ्यासारखा गोळा. आजच्या आज झालं तर बरं."

"आणि तो घमेल्यात घावला नसता तर? सांगितलं असतंस?"

त्यानं घमेलं बाजूला सरकवलं. "रातभर झोप न्हाय लागली," एवढंच म्हणाला.

माझं रडू थांबवायला तो पहिल्यापासून असंच काहीतरी करत आला होता. कधी उचलून, कधी दांडीवर बसवून, आणि आता छर्रा टाकून. त्याला दुसरं येत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की हे दुसरं आता मी त्याच्याकडून मागायला हवं.

"दादा, पुन्हा उघडू या," मी म्हणाले. "आणि पुन्हा काही हरवलं तर हरवलं म्हणून सांग. मी रडंन, पण सांग."

"उघडू की," तो म्हणाला. "जनावरांस्नी वैरण टाकून येतो."

दुसऱ्यांदा सगळं लवकर झालं. दादानं मुकाट्यानं तेच बोल्ट त्याच क्रमानं काढून वर दिले. भाग वेगळे केले तर सायकलचा छर्रा आपल्या जागी घट्ट रुतून बसला होता. किंचितच मोठा होता, पण तेवढ्यानं त्याला हलता येत नव्हतं आणि त्याच्यापाशीच मागं जायच्या गिअरचं तेल अडत होतं. चिमट्यानं काढावा लागला. खरा गोळा धुऊन, पुसून ठेवला. या वेळी मी तो स्वतः बसवला नाही. चिमटा दादाच्या हातात दिला. त्याचे हात राकट, बोटांना चिरा. पण त्यानं गोळा व्हॅसलिनवर असा अलगद टेकवला की मी दाताच्या पोकळीत कापूसही तसा ठेवत नाही.

गाडी जोडून झाल्यावर मी आर मध्ये टाकली. लगेच, आवाज न करता, मागं सरकली. दादा खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्यानं हात वर केले, जणू शर्यतीत बैल जिंकला.

पण खरी परीक्षा गाडी तापल्यावर होती. "बस," मी म्हणाले.

"मी?"

"तू नाहीतर कोण? रस्त्यात अडली तर ढकलायला नको का?"

दादा माझ्या शेजारी पहिल्यांदाच बसत होता. पट्टा कुठं लावायचा ते मी दाखवलं. आम्ही बारामतीच्या रस्त्याला लागलो. उसाच्या ट्रॉल्या होत्याच. एकीला ओलांडायला मी गाडी बाहेर काढली, तसा त्याचा उजवा पाय खाली जोरात दाबला गेला, जिथं ब्रेक नव्हता. पुढचा अर्धा रस्ता तो पाय तसाच दाबलेला होता. "हळू गं," तो सारखा म्हणायचा. "म्होरं बग. मोटारसायकल येतीया. हळू." मी हळूच चालवत होते. कालव्याच्या चढावर मुद्दाम थांबले, इंजिन चांगलं तापलेलं असताना पुन्हा निघाले. गाडी मागं आली नाही, हिसका दिला नाही.

बारामतीच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहा घेतला. दादानं आता पाय मोकळे सोडले होते. म्हणाला, "बरी चालवतीस." मग थोड्या वेळानं, "आता मला परत सोडाय येशील, का एसटीनं जाऊ?"

मी त्याला परत सोडून आले.

त्याच आठवड्यात तळावर गेले. दाढेचं औषध घातलेली बाई भेटली. दुखणं वाढलं होतं, दाढ काढावी लागली. तिनं उशीर का झाला विचारलं नाही, मीच सांगितलं की गाडी बिघडली होती. "माझा नवराबी ट्रॅक्टर चालवतो," ती गालावर हात धरून म्हणाली. "गाडी म्हणलं की बिघडायचीच."

गाडी आजही चालते. एक उणीव राहिली. थंडीच्या दिवसांत सकाळी सुरू केली की पहिल्यांदा दुसरा गिअर पडताना ती एक बारीक झटका देते. थोडं अंतर गेलं की नाहीसा होतो. का होतो ते मी शोधलं नाही. दादाला मात्र तो सहन होत नाही. भेटला की विचारतो, "झटका गेला का गं?" मी नाही म्हटलं की म्हणतो, "आण की येकदा. उघडून बगू." मी म्हणते, राहू दे दादा, मला सवय झालीये.